मोर्चातला कायदा आणि ठाण्यातला कायदा

विदर्भातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील पुढाऱ्यांमध्ये २८ सप्टेंबर १९५३ रोजी जो करार झाला आणि पुढे नागपूर करार या नावाने जो प्रसिद्धी पावला, त्यातील एका कलमाने असे ठरले की भावी राज्याच्या विधिमंडळाचे दरसाल निदान एक अधिवेशन नागपुरास भरावे. आणि या कलमाच्या पोटी, करारावर सह्या करणाऱ्यांच्या स्वप्नीही नसलेली एक संस्था जन्मास आली, ती म्हणजे नागपूरचा मोर्चा. डिसेंबर उजाडला की सिव्हिल लाइन्समधील मंत्र्यांच्या बंगल्यांना रंग चढतो, आमदार निवासाच्या खोल्यांची कुलुपे निघतात, आणि यशवंत स्टेडियमपासून निघालेले अंगणवाडी सेविकांचे, विनाअनुदानित शिक्षकांचे, धरणग्रस्तांचे, निरनिराळ्या जातीजमातींचे मोर्चे विधानभवनाच्या रोखाने चालू लागून मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर किंवा टेकडी रस्त्यावर पोलिसांच्या कठड्यांपाशी अडतात. तेथून पाचसात जणांचे शिष्टमंडळ आत जाते, मंत्रिमहोदय निवेदन स्वीकारतात, आणि बाहेर डांबरी रस्त्यावर बसलेल्या हजारोंना चर्चा समाधानकारक झाल्याचे ध्वनिक्षेपकावरून कळविण्यात येते. हा सगळा प्रकार नित्याचा झाल्यामुळे हास्यास्पद वाटू लागतो. पण तो नेहमीच हास्यास्पद नसतो, याची साक्ष झिरो माइलजवळचे गोवारी स्मारक देत उभे आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, आपली गणना अनुसूचित जमातींत व्हावी एवढीच मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे प्राणास मुकली. कोणत्या यादीत आपले नाव आहे आणि कोणत्या यादीत नाही, या गोष्टीला या देशात किती मोल आहे, हे त्या आकड्यावरून ताडता येते.

इ. स. २०१६ च्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी याच रस्त्यांवर जे मोर्चे आले, त्यांपैकी काहींच्या निवेदनांत एका विवक्षित कायद्याविषयीची मागणी होती. भगवे ध्वज घेऊन, घोषणा न देता, तरुण मुलींच्या हाती निवेदन सोपवून निघालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चाची मागणी अशी होती की या कायद्याचा गैरवापर थांबवावा आणि त्यासाठी त्यात दुरुस्ती करावी. तर निळे ध्वज घेऊन निघालेल्या आणि संविधानाच्या सन्मानाचे नाव धारण केलेल्या मोर्चांची मागणी अशी होती की या कायद्याच्या केसालाही धक्का लावू नये, उलट त्याची अंमलबजावणी कडक करावी. तो कायदा म्हणजे अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. लोकांच्या तोंडी तो नुसता ‘अ‍ॅट्रॉसिटी’ झाला आहे, आणि ठाण्यात बसलेला हवालदारही ‘याच्यावर अ‍ॅट्रॉसिटी लागली’ याच भाषेत बोलतो.

या वादातील एक गंमत अशी की दोन्ही बाजूंचे मोर्चे ज्या इमारतीच्या दिशेने चालले होते, तिच्या हाती हा कायदा रद्द करण्याची सत्ताच नव्हती. कायदा संसदेचा आहे. तो ठेवणे, मोडणे अथवा बदलणे हे काम दिल्लीचे. नागपूरच्या विधानभवनाच्या हाती जे आहे ते निराळेच आहे, आणि त्याकडे आपण पुढे येऊ. तूर्त हा कायदा आला कोठून, हे पाहणे प्राप्त आहे. कारण तो एखाद्या निवडणुकीच्या तोंडावर कोणाला तरी खूश करण्यासाठी घाईघाईने केला गेला, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो.

वास्तविक या कायद्याचे पूर्वज शोधावयाचे तर नागपुरातच सापडतात. पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४७ साली अनुसूचित जातींवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा एक कायदा आणि मंदिरप्रवेशास मुभा देणारा दुसरा कायदा असे दोन कायदे केले. संविधान तेव्हा व्हावयाचे होते. पुढे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद, म्हणजे आजचा सतरावा, संमत केला. आणि त्या अनुच्छेदाला दात देण्यासाठी १९५५ साली संसदेने अस्पृश्यता (अपराध) अधिनियम केला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात जे प्रांतिक कायदे निरसित झाले, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडचे हे दोन्ही कायदे होते. म्हणजे ‘जुना कायदा काढून नवा आणणे’ हा प्रयोग या क्षेत्रात पूर्वीच एकदा झाला होता. त्यावेळी मात्र कोणी मोर्चा काढला नाही, कारण नवा कायदा जुन्यापेक्षा कमी देणारा नव्हता.

परंतु १९५५ च्या कायद्याचे दात दुधाचेच निघाले. त्याखालील शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अशी होती, आणि न्यायालयाच्या परवानगीने अपराध आपसात मिटविण्याचीही सोय त्यात होती. ज्या गावात फिर्यादी शेतमजूर आणि आरोपी त्याला काम देणारा शेतमालक, त्या गावात आपसात मिटविणे म्हणजे काय, हे खेड्यात आठ दिवस राहिलेल्या कोणालाही सांगावयास नको. तमिळनाडूत किळवेण्मणी येथे १९६८ च्या नाताळच्या रात्री ४४ माणसे जाळली गेली. आपल्या अकोला जिल्ह्यात धाकली गावी १९७४ साली दोन भावांचे डोळे काढण्यात आले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि त्यासरशी मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. विहिरीवर पाणी भरू न देणे हा अपराध ज्या कायद्याच्या डोळ्यांसमोर होता, त्याच्या पकडीत ही कृत्ये येईनात. १९७६ साली त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नवे नाव मिळाले, मिटवामिटवीची सोय बंद झाली, कमीत कमी शिक्षा ठरली. तरीही उणीव राहिली ती राहिलीच, आणि ती भरून काढण्यासाठी ११ सप्टेंबर १९८९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला व ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आलेला अत्याचार प्रतिबंधक कायदा अवतरला.

येथे नागपूरच्या संदर्भातील एक बाब नमूद केली पाहिजे, कारण कायद्याच्या पुस्तकांत ती सहसा कोणी सांगत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर ज्या लाखोंनी बुद्ध धम्म स्वीकारला, ते केंद्राच्या आदेशाप्रमाणे त्या दिवसापासून अनुसूचित जातींत मोडेनासे झाले. कारण हिंदू वा शीख असल्याखेरीज ती नोंद लागत नसे. महाराष्ट्र सरकारने त्यांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीतील त्यांचा प्रवेश १९९० साली संसदेने दुरुस्ती केल्यावर झाला. परिणाम असा की ज्यांच्यासाठी हा कायदा प्रामुख्याने होता असे सर्वजण समजतात, त्या विदर्भातील बौद्धांना, तो अंमलात आला त्या दिवशी, त्याचे संरक्षण नव्हते. ते काही महिन्यांनी आले. आजही दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असले म्हणजे आरोपीचा वकील त्या शब्दावर बोट ठेवून उभा राहतो.

आता कायद्याच्या ज्या कलमाने सर्वाधिक तंटे माजविले, त्या अठराव्या कलमाकडे वळू. दंड प्रक्रियेच्या सामान्य नियमाप्रमाणे ज्याला आपणास अटक होईल अशी भीती वाटते, तो न्यायालयाकडे अटकपूर्व जामीन मागू शकतो; अठरावे कलम सांगते की या कायद्याखालील अपराधांत ती मुभा नाही. या एका वाक्यात दोन मूलभूत अधिकारांची टक्कर आहे, आणि प्रामाणिक माणसाने ती नाकारू नये. एकीकडे आरोपीचे व्यक्तिस्वातंत्र्य, जे संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने त्याला दिले आहे. दुसरीकडे फिर्यादीची प्रतिष्ठा आणि जीवित, ज्यांचे रक्षण सतरावा अनुच्छेद व तोच एकविसावा अनुच्छेद करू पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली मध्य प्रदेश राज्य विरुद्ध रामकृष्ण बलोथिया या खटल्यात हे कलम संविधानास धरून असल्याचा निर्वाळा दिला. त्यामागील तर्क असा की अटक टाळून गावात मोकळा फिरणारा आरोपी फिर्यादीला व साक्षीदारांना धाकदपटशा दाखविण्याच्या स्थितीत असतो. शहरी वाचकाला हा तर्क अतिशयोक्त वाटेल. त्याने खैरलांजीचा क्रम पाहावा.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी हे गाव नागपूरपासून फार लांब नाही. तेथील भोतमांगे कुटुंबातील आईने एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींची ओळख पटविणारी साक्ष दिली; आरोपींना अटक झाली; २९ सप्टेंबर २००६ रोजी ते जामिनावर सुटले; आणि त्याच दिवशी आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. वडील शेतात असल्याने वाचले. साधी साक्ष, जामीन आणि सूड यांमध्ये किती तास जातात, याचा हिशेब अठराव्या कलमावर टीका करणाऱ्याने एकदा मांडून पाहावा. भंडाऱ्याच्या न्यायालयात अकरा जणांवर खटला चालला. सप्टेंबर २००८ मध्ये आठ जण दोषी ठरून सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली गेली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा सर्वांसाठी पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली. पण नागपुरातील दलित वस्त्यांत जे शल्य राहिले ते फाशी टळल्याचे तेवढे नव्हते. ते या गोष्टीचे होते की खालच्या न्यायालयाने व वरच्या न्यायालयाने, दोघांनीही, अत्याचार प्रतिबंधक कायदा येथे लागू होत नाही असे ठरविले. खून सिद्ध झाला, सूड सिद्ध झाला; जात सिद्ध झाली नाही.

सामान्य माणसाला हे समजत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याचे कारण कायद्याच्या शब्दरचनेत होते. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा अपराध अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध घडला तर जन्मठेप, असे सांगणाऱ्या पोटकलमात मुळात अट अशी होती की तो अपराध ती व्यक्ती त्या जातीची आहे ‘या कारणावरून’ घडलेला असावा. आरोपीच्या मनातील कारण फिर्यादी पक्षाने शाबीत करावयाचे! शेताच्या रस्त्याचा तंटा, साक्षीचा राग, पैशाचा व्यवहार असे दुसरे कोणतेही कारण दिसले की जातीचे कारण मागे पडे. जणू एका माणसाच्या मनात एका वेळी एकच कारण राहू शकते. संसदेने हा दोष ओळखला. ज्या दुरुस्ती अधिनियमाचा अंमल २६ जानेवारी २०१६ पासून सुरू झाला, त्याने ती अट बदलून, ती व्यक्ती त्या जातीची आहे हे ‘जाणून’ केलेला अपराध पुरे ठरविला, आणि आरोपीची फिर्यादीशी किंवा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरावे अशी जोड दिली. गावात कोणाला कोणाची जात ठाऊक नसते? कायदा बदलावा की नाही या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडते: खटला चालविताना जेथे कायद्याचे जाळे फाटलेले आढळले, तेथेच टाका घालणे. अशा बदलाला कोणी कायद्याचा शत्रू म्हणणार नाही.

या दुरुस्तीला सहा महिने झाले नाहीत तोच १३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे एका अल्पवयीन मराठा मुलीवर अत्याचार होऊन तिची निर्घृण हत्या झाली. आरोपी दलित समाजातील होते. त्या गुन्ह्याचा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा कायदेशीर संबंध यत्किंचितही नव्हता. परंतु ९ ऑगस्टला औरंगाबादेत निघालेल्या पहिल्या मूक मोर्चापासून आरोपींना फाशी, समाजाला आरक्षण आणि या कायद्यात बदल अशा मागण्या एकत्र बांधल्या गेल्या, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत त्या नागपूरच्या अधिवेशनावर येऊन थडकल्या. राज ठाकरे यांनी कायदा रद्दच करावा असे म्हटले. शरद पवार यांनी गैरवापराच्या तक्रारींकडे लक्ष वेधणारे विधान केले आणि आपण रद्द करण्याची भाषा केली नव्हती असा खुलासाही पुढे केला. प्रकाश आंबेडकर व रामदास आठवले यांनी कायदा पातळ होऊ देणार नाही असे बजावले. एका कुटुंबाच्या दुःखावर दुसऱ्याच कायद्याचे ओझे टाकणे न्याय्य नव्हते, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण त्या मोर्चांत चालणाऱ्या लाखो माणसांना केवळ जातीय ठरविणेही तितकेच चूक होते. शेती तोट्यात गेलेल्या, मुलांच्या शिक्षणाने गांजलेल्या त्या शेतकऱ्याला आपल्या गाऱ्हाण्यासाठी एखादे नाव हवे होते, आणि त्याच्या पुढाऱ्यांनी त्याला हे नाव दिले.

गैरवापराची ओरड करणारे एक आकडा नेहमी पुढे करतात. २०१५ साली देशभरातील न्यायालयांनी या कायद्याखालील १५,६३८ खटले निकालात काढले. त्यांपैकी ११,०२४ खटल्यांत आरोपी निर्दोष सुटले किंवा दोषमुक्त झाले, ४९५ खटले मागे घेण्यात आले आणि ४,११९ खटल्यांत शिक्षा झाली. चारांतील तिघे सुटले, तेव्हा चारांतील तीन फिर्यादी खोट्या, असा सरळ हिशेब मांडला जातो. नेमका हाच आकडा कायद्याचे समर्थकही पुढे करतात आणि त्यावरून अंमलबजावणी कुचकामी आहे असे म्हणतात. या दोघांपैकी कोण खरा, हे आकडा सांगत नाही. ते पाहण्यासाठी मोर्च्यातून उठून पोलीस ठाण्यात जाऊन बसावे लागते.

समजा, विदर्भातील एखाद्या खेड्यात शेताच्या धुऱ्यावरून तंटा झाला आणि त्यात जातिवाचक शिवीगाळ व मारहाण झाली. फिर्यादी ठाण्यात येतो. ठाणेदार त्याला प्रथम बसवून ठेवतात, दोन्हीकडील मंडळींना बोलावतात, ‘गावात राहायचे आहे ना’ असे समजावतात. नाहीच ऐकले तर अदखलपात्र नोंद करून कागद हाती देतात. फिर्यादी चिवट असेल, किंवा त्याच्यासोबत एखादा कार्यकर्ता असेल, तर प्रथम खबर लिहिली जाते. परंतु तोवर दोनतीन दिवस उलटलेले असतात, आणि तोच विलंब पुढे उलटतपासणीत ‘विचारपूर्वक रचलेली फिर्याद’ म्हणून त्याच्या अंगावर येतो. या कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील सातव्या नियमाप्रमाणे तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नसतो. हा नियम फिर्यादीच्या भल्यासाठी आहे. पण उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली अनेक ठाणी, बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, सण. तेव्हा घटनास्थळाचा पंचनामा आणि जाबजबाब प्रत्यक्षात उपनिरीक्षक घेतो व साहेबांची सही नंतर होते. हे न्यायालयात उघड झाले की तपासच नियमबाह्य ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चुन्नीलाल खटल्यात हा नियम बंधनकारक असल्याचे सांगितले आहे, आणि अशा वेळी मारहाणीचा खटला चालू राहिला तरी अत्याचार प्रतिबंधाचे कलम गळून पडते.

पुढे पुराव्याची पाळी येते. फिर्यादीचा जातीचा दाखला तपासात जोडलेला नसतो. शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेसमोर’ झाली असे शाबीत करावे लागते. चार भिंतींच्या आत उच्चारलेला अपमान या कलमात बसत नाही, हे २०२० सालच्या हितेश वर्मा खटल्यातही न्यायालयाने पुन्हा सांगितले. नजरेसमोर असलेले लोक कोण? त्याच गावचे, आरोपीच्याच शेतात मजुरीला जाणारे, त्याच्याच किराणा दुकानातून उधारी नेणारे. खटला पाच-सहा वर्षांनी उभा राहतो, तोवर पंच ‘सही माझी आहे, पण काय लिहिले ते वाचले नाही’ असे सांगतात, साक्षीदार फितूर होतात आणि फिर्यादी स्वतः पुण्याच्या कोणत्या तरी बांधकामावर गेलेला असतो. आरोपी सुटतो. निकालपत्रात फिर्याद खोटी होती असे कोठेही लिहिलेले नसते. पुरावा पुरेसा नाही एवढेच लिहिलेले असते. हे सुटणे मग ११,०२४ मध्ये एकाची भर घालते, आणि पुढच्या मोर्चात कोणीतरी तो आकडा भाषणात वाचून दाखवतो.

याचा अर्थ खोट्या फिर्यादी होतच नाहीत असा नव्हे. होतात. भाऊबंदकीत एका भावाने दुसऱ्यावर डाव टाकण्यासाठी दलित गडीमाणसाला पुढे करावे, ग्रामपंचायतीच्या राजकारणात सवर्णांच्या एका गटाने दुसऱ्या गटाविरुद्ध त्याचा खांदा वापरावा, हे प्रकार ठाण्यांना ठाऊक आहेत. आणि या खेळात बंदूक कोणाची व खांदा कोणाचा याची चर्चा गैरवापराच्या भाषणांत सहसा होत नाही. कार्यालयातील वितुष्टातूनही फिर्यादी निघतात. देशभर गाजलेले प्रकरण अशाच जातीचे होते. कराडच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले. कर्मचारी अनुसूचित जातीचा होता. त्याने फिर्याद दिली. वरिष्ठांवर खटला भरण्यास लागणारी मंजुरी तंत्रशिक्षण संचालकांनी नाकारली. तेव्हा संचालकांवरही फिर्याद झाली. उच्च न्यायालयाने ती रद्द करण्यास नकार दिल्यावर डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२० मार्च २०१८ रोजी न्या. आदर्शकुमार गोयल व न्या. उदय लळित यांनी संचालकांविरुद्धची कारवाई रद्द केली. तेवढ्यावर निकाल थांबला असता तर आज त्याची आठवण वकिलांपुरतीच राहिली असती. परंतु न्यायालयाने पुढे जाऊन सर्वांसाठी निर्देश दिले: गुन्हा नोंदविण्यापूर्वी उपअधीक्षकाला प्राथमिक चौकशी करता येईल, सरकारी नोकराला अटक करण्यास नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची, इतरांना अटक करण्यास जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाची लेखी मंजुरी लागेल, आणि प्रथमदर्शनी प्रकरण नसेल तेथे अटकपूर्व जामिनास मनाई नाही. २ एप्रिलला भारत बंद झाला. उत्तरेकडील राज्यांत हिंसाचार होऊन माणसे दगावली. ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती संमत केली आणि १८-अ हे कलम आले: प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेपूर्वी मंजुरीची गरज नाही, आणि कोणत्याही न्यायालयाचा निकाल काहीही असला तरी अटकपूर्व जामीन नाही. मूक मोर्चांनी जे दोन वर्षे मागितले ते न्यायालयाने दिले, आणि न्यायालयाने दिलेले संसदेने पाच महिन्यांच्या आत परत घेतले.

१ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुनर्विचार करून ते निर्देश मागे घेतले. त्या पीठावर न्या. भूषण गवई होते, जे अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली करून पुढे गेलेले. खोटी फिर्याद करणे हा जातीचा दोष नसून माणसाचा दोष आहे, सबब तो एका जातवर्गाच्या माथी मारता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान खटल्यात १८-अ वैध ठरविताना न्यायालयाने हेही सांगून ठेवले की फिर्यादीवरून प्रथमदर्शनी अपराधच दिसत नसेल तर जामिनाची मनाई आड येणार नाही. म्हणजे, ज्याला खरोखर खोट्या फिर्यादीत गुंतविले आहे त्याच्यासाठी दार किलकिले राहिले. आणि ज्यांना सर्वच आरोपींसाठी दार सताड उघडावयाचे होते त्यांचा हेतू सफल झाला नाही. आमच्या मते हा तोल योग्य आहे.

हक्कांचा कायदा नको झाला म्हणजे तो बदलण्याची भाषा कशी केली जाते, हे पाहण्यास परदेशातील एक उदाहरण उपयोगी पडेल. ब्रिटनने १९९८ साली मानवी हक्क अधिनियम केला व २००० पासून तो अंमलात आणला. हा कायदा परदेशी गुन्हेगारांना पाठीशी घालतो, न्यायाधीश त्याचा अतिरेकी अर्थ लावतात, त्याऐवजी आपली स्वतःची हक्कांची सनद असावी, असे हुजूर पक्ष वर्षानुवर्षे आपल्या जाहीरनाम्यांतून सांगत राहिला. जून २०२२ मध्ये त्या सनदेचा मसुदा पार्लमेंटात मांडला गेला. वर्षभराने, जून २०२३ मध्ये, त्याच पक्षाच्या सरकारने तो गुंडाळून ठेवला. दोन्ही देशांत ओरडीचा सूर सारखा आहे: कायदा भल्यांना छळतो आणि भलत्यांना तारतो. फरक एवढाच की तिकडे हक्क मागणारा शासनाविरुद्ध उभा असतो, आणि इकडे तो बहुधा आपल्याच गावाविरुद्ध उभा असतो. म्हणून इकडे तो अधिक एकटा.

आता विधानभवनाच्या हाती काय आहे ते पाहू. कायदा दिल्लीचा असला तरी पोलीस, सरकारी वकील, विशेष न्यायालयांची व्यवस्था आणि पीडितांना द्यावयाचे अर्थसाहाय्य, जे २०१६ च्या नियमांनी ८५,००० रुपयांपासून ८,२५,००० रुपयांपर्यंत ठरविले, हे सर्व राज्याचे. आरोपपत्र साठ दिवसांत जावे आणि खटला त्यानंतर शक्यतो दोन महिन्यांत संपावा, असे २०१६ पासून कायद्यातच लिहिलेले आहे. १९९५ च्या नियमांतील नियम सोळा सांगतो की मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय दक्षता समिती असावी आणि तिची बैठक वर्षातून निदान दोनदा, जानेवारीत व जुलैत, व्हावी. नियम सतरा सांगतो की जिल्हादंडाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असावी आणि ती तीन महिन्यांतून एकदा तरी बसावी. किती गुन्हे नोंदले, किती तपास अडले, साहाय्य कोणाला पोचले, कोण सुटला व का सुटला, याचा आढावा तिने घ्यावा. फिर्याद खोटी होती की तपास खोटा होता, हे ठरविण्याची याहून सरळ जागा दुसरी नाही. कायदा ठेवावा म्हणणाऱ्यांना आणि काढावा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही, ज्या माहितीवाचून बोलावे लागते, ती माहिती या समितीच्या इतिवृत्तात असावयास हवी.

एखादा कायदा नियमाप्रमाणे चालविलाच गेला नसेल तर तो अयशस्वी ठरला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. म्हणून पुढच्या डिसेंबरात यशवंत स्टेडियमवर जाण्यापूर्वी, झेंड्याचा रंग कोणताही असो, वाचकाने माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज दहा रुपयांचा मुद्रांक लावून आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा आणि एवढेच विचारावे: नियम सतराखालील दक्षता समितीच्या बैठका गेल्या वर्षी कोणकोणत्या तारखांना झाल्या, आणि त्यांची इतिवृत्ते कोठे पाहावयास मिळतील? उत्तर देण्यास कार्यालयाला तीस दिवसांची मुदत आहे.